श्रमिकांचा रंगमंच : नॉटिंगहॅम ते नारायणगाव

महायुद्धोत्तर ब्रिटिश साहित्यात कामगार स्वतःच्या बोलीत बोलू लागला, तो प्रामुख्याने १९५० नंतर. सायकल कारखान्यात राबलेल्या ॲलन सिलिटो यांची ‘सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग’ ही नॉटिंगहॅममधील कादंबरी १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. १९६० मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. मुंबईच्या गिरणीत श्रमलेल्या अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ ची, तिच्यावरील चित्रपट १९६३ चा. हे साम्य लक्षणीय असले, तरी फार ताणता येत नाही. गंभीर इंग्रजी नाटकात कामगाराला जागा मिळवावी लागली. अण्णा भाऊंच्या लोकनाट्याला मात्र तमाशातील गण, वग, लावणी आयतीच लाभली.

या परंपरेचे एक प्रमुख केंद्र म्हणजे जुन्नर तालुक्यातील नारायणगाव. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावची, तशीच दूरची गावेही यात्रेसाठी सुपारी देण्यास येतात. फडातील कलावंत हा हंगामी मजूरच. तथापि कामगार-संस्कृतीच्या अभ्यासात गिरणगाव येते, राहुटी क्वचितच. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात वाढलेल्या विठाबाई राष्ट्रपतींकडून सन्मानित झाल्या आणि २००२ मध्ये विपन्नावस्थेत निवर्तल्या.