थूले येथील अपघात व १९५७ चें एक पत्र

ता. २१ जानेवारी १९६८ रोजीं अमेरिकेचें बी-५२ जातीचें विमान, आंत आग लागल्यामुळें, ग्रीनलंडांतील थूले तळानजीक गोठलेल्या समुद्रावर कोसळलें. सात वैमानिकांपैकीं सहा वांचले. विमानांत चार हायड्रोजन बाँब होते. त्यांतील साधीं स्फोटकें उडालीं. अणुस्फोट झाला नाहीं, परंतु प्लुटोनियम बर्फावर विखुरलें. तें दूषित बर्फ खरवडून अमेरिकेस न्यावें लागलें.

ही हकीकत सर्वश्रुत आहे. आमच्या दृष्टीनें महत्त्व आहे तें एका कागदास. ग्रीनलंडवर सत्ता डेन्मार्कची. आणि शांततेच्या काळांत आपल्या भूमीवर अण्वस्त्रें नकोत, हें डेन्मार्कचें १९५७ पासूनचें जाहीर धोरण. त्याच वर्षीं ता. १६ नोव्हेंबर रोजीं पंतप्रधान एच. सी. हान्सेन यांनीं अमेरिकन राजदूतास एक गुप्त पत्र दिलें. ग्रीनलंडांत खास प्रकारचा दारूगोळा ठेवण्याविषयीं आपणांस कांहीं म्हणावयाचें नाहीं, एवढाच त्याचा आशय. प्रती दोनच, उभय पक्षीं एकेक. अण्वस्त्रांचें नांवही त्यांत नाहीं. दप्तरांत असलीं पत्रें चाळणारास ही लेखनरीति अपरिचित नसावी!

मात्र पत्र साठ्यासंबंधीं आहे, उड्डाणांसंबंधीं नाहीं. सबब १९६८ च्या विमानास त्यानेंच परवानगी मिळाली, असें म्हणणें आम्हांस सैल वाटतें. अमेरिकेनें मौनास संमति मानिलें, इतकेंच त्यावरून निघतें.

पत्र १९९५ सालीं उजेडांत आलें. हान्सेन १९६० मध्येंच वारले होते. बर्फ उपसणाऱ्या कामगारांपैकीं पुष्कळ हयात होते. तळावरील सुमारें १७०० कामगारांस त्याच वर्षीं प्रत्येकीं ५०,००० क्रोनर देण्यांत आले.