खुलताबाद : कबरीपलीकडचं गाव

नगरपालिकेचा धडा शिकवताना मी नेहमी खुलताबादचं उदाहरण घेतो. मुलांना दर्गे माहीत असतात, उर्साला जाऊन आलेली असतात. पण 'तिथला नळ कोणाच्या हातात?' असं विचारलं की वर्ग गप्प होतो. एकदा एका मुलाने उत्तर दिलं, "सर, औरंगजेबाच्या." सगळे हसले. मीही हसलो, पण ते उत्तर डोक्यातून गेलं नाही.

औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) दौलताबाद मागे टाकून घाट चढलो की साधारण २५ किलोमीटरवर हे गाव लागतं. गाव पठारावर आहे, पुढे उतार वेरूळकडे जातो. उत्तरेला म्हैसमाळ, आणि त्याच डोंगरातून निघणारी गिरजा पुढे पूर्णेला मिळते. हवा खालच्या मैदानापेक्षा थंड. चौदाव्या शतकात सूफी इथे स्थिरावले, त्यात या हवेचाही वाटा असावा असं मला आपलं वाटतं.

मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची माणसं दौलताबादला आणली, त्या काळात निजामुद्दीन औलियांचे मुरीद बुऱ्हाणुद्दीन गरीब दख्खनेत आले. १३३७ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्यांच्यानंतर जैनुद्दीन शिराझी. फारुकी सुलतानांनी तापीकाठी वसवलेल्या बुऱ्हाणपूरचं नाव याच बुऱ्हाणुद्दीनांवरून पडलं. गावाला तेव्हा नुसतं 'रौजा' म्हणत; आमच्याकडची जुनी माणसं अजूनही म्हणतात. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला. त्याला इथे जैनुद्दीनांच्या पायाशी, उघड्या आभाळाखाली दफन केलं. मरणोत्तर त्याला 'खुल्द-मकान' म्हटलं गेलं आणि रौजाचं खुल्दाबाद झालं. म्हणजे गाव आधीचं, बादशहा नंतरचा. हे मुलांना दोनदा सांगावं लागतं.

आणि कबरी तरी एकट्या त्याच्याच का आठवाव्यात? १६२६ मध्ये वारलेला मलिक अंबर इथेच आहे. हबशी गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, त्याने खडकी वसवली, नहर खोदली, जमिनीची प्रतवारी करून महसूल बांधला. आयुष्यभर तो मोगलांशी लढला. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह मोगलांच्या कैदेत मेला, तोही इथेच. पहिला निजाम आसफजाहही इथे. जिंकलेले आणि हरलेले एकाच मातीत, चालत जाण्याच्या अंतरावर. भद्रा मारुतीही याच गावात. हनुमान जयंतीला शहरातून लोक रात्रभर पायी येतात.

आता कारभार. गावाला तटबंदी होती. नगारखाना, पांगरा, लंगडा, मंगळपेठ ही वेशींची नावं. पण आजच्या हद्दी दगडाच्या नाहीत. औरंगजेबाची कबर केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, दर्ग्यांच्या जमिनी वक्फकडे, सातबारा तहसीलदाराकडे. वेरूळची लेणी आणि घृष्णेश्वर याच तालुक्यात, पण वेरूळची ग्रामपंचायत वेगळी. नगरपरिषदेच्या वाट्याला उरतं ते पाणी, गटार, दिवे, कचरा. उर्साला आणि शनिवारी भद्रा मारुतीला येणाऱ्या गर्दीचा कचरासुद्धा.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने दर पाच वर्षांनी निवडणूक सांगितली. तरी ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा कित्येक वर्षं प्रशासकाच्या हाती राहिल्या; मतदान २०२५ च्या डिसेंबरात झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये कबरीवरून वाद पेटला, बंदोबस्त लागला, वाहिन्यांवर रोज खुलताबाद दिसत होतं. बोलणारे बहुतेक बाहेरचे.

त्या दिवसांत तिथल्या एका फुलवाल्याला मी हालहवाल विचारला. "सर, गिऱ्हाईक नाही," तो म्हणाला. मग चादरींवर पाणी शिंपडत विचारलं, "तुमच्या शहरात नळ किती दिवसांनी येतो?"