काळवंडलेला फोटो आणि अंधारखोलीची विद्या

वाचकहो, औंढा नागनाथाचे दर्शन तुम्ही घेतले असेलच. हिंगोली जिल्ह्यात राहून औंढ्याला गेला नाही असा माणूस विरळा. बाहेर मराठवाड्याचे ऊन डोळ्यांत मावत नाही, आणि गाभाऱ्यासाठी मात्र अरुंद पायऱ्या उतरून खाली अंधारात जावे लागते. तिथे आपण क्षणभर थांबतो, डोळे अंधाराला सरावतात, मग हळूहळू सारे दिसू लागते. देवाने डोळ्याला दिलेली ही सोय कॅमेऱ्याला नाही. आजचे बोलणे त्याविषयी आहे.

समजा, एका शाळेची सहल सकाळी औंढ्याला गेली. गुरुजींनी देवळाच्या पश्चिमेकडील भिंतीवरच्या मूर्तींचे फोटो घेतले. सकाळची वेळ, म्हणजे भिंत सावलीत आणि तिच्या मागचे आभाळ लख्ख. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो ठीक दिसले. शाळेत येऊन संगणकावर ‘रॉ’ फाईल उघडली, तर क्षणभर चित्र उजळ दिसले आणि पाहता पाहता काळवंडले! मूर्ती दिसेनात, नुसते काळे दगड. कार्ड बिघडले असे समजून गुरुजी फोटो पुसून टाकायला निघाले.

गुरुजी, जरा थांबा. फोटो बिघडलेला नाही.

आपल्याकडे हळद पिकते. जमिनीतून काढलेला कंद कसा दिसतो? मळका, मातकट. तो शिजवावा लागतो, वाळवावा लागतो, पॉलिश करावा लागतो, तेव्हा कुठे बाजारात शोभेल असे हळकुंड तयार होते. रॉ फाईल हा नुकताच काढलेला कंद समजा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसते ते मात्र कॅमेऱ्याने आपल्या रीतीने पॉलिश केलेले छोटे जेपेग चित्र. फाईल उघडताना सॉफ्टवेअर आधी ते चित्र दाखवते, मग ते बाजूला सारून कंदापासून स्वतःच्या रीतीने काम सुरू करते. त्या क्षणी चित्र काळवंडल्यासारखे वाटते.

कंद मुळात काळपट का, याचेही कारण आहे, आणि शिक्षकांना ते वर्गात सहज दाखवता येईल. अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावा. केवढा फरक पडतो! मग दहा दिवे लावून अकरावा लावा. फरक जाणवतही नाही. डोळा असा हिशेब करतो. कॅमेऱ्यातला सेन्सर मात्र पक्का वाणी आहे. एक दिवा तर एक माप, अकरा तर बरोबर अकरा मापे. शंभरातला अठरा भाग उजेड परत पाठवणारा करडा कागद आपल्याला काळ्या-पांढऱ्याच्या मधोमध वाटतो. सेन्सर त्याच्या नावावर अठराच मांडतो. हा हिशेब जसाच्या तसा पडद्यावर उतरवला तर चित्र अंधारातच दिसणार. म्हणून मधले आकडे वर उचलावे लागतात. हे उचलणे प्रत्येक सॉफ्टवेअर थोडेफार करतेच, पण कॅमेऱ्याने आपल्या पसंतीने केलेली जादा उजळणी त्यात येत नाही. शिवाय काही कॅमेऱ्यांत आभाळ पांढरेफटक पडू नये म्हणून मुद्दाम उजेड कमी घेण्याची योजना असते. ती चालू राहिली तर रॉ फाईल आणखीच गडद निघते.

हे दुखणे संगणकाबरोबर आले असे मात्र समजू नका. ते फोटोग्राफीइतकेच जुने आहे. इंग्लंडमधील टॅलबट यांना १८४० साली एक नवल दिसले. कॅमेऱ्यातून काढलेला कागद कोरा दिसत होता. पण त्यावर रसायन फिरवताच चित्र उमटू लागले. म्हणजे चित्र होतेच, दिसत नव्हते इतकेच. पुढे १८५१ मध्ये आर्चर यांनी काचेवरची ओली पद्धत काढली, आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीही स्थापन झाली. ओली काच सुकण्याच्या आत सगळे काम उरकावे लागे, म्हणून फोटोग्राफर आपली अंधारखोली तंबूच्या रूपाने बरोबर घेऊन हिंडत. आपल्या उन्हात काच किती लवकर सुकत असेल, याची कल्पना करा!

तेव्हा हिंगोली निजामाच्या मुलखात होती. हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणीही १९०३ पर्यंत इथे होती. निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ. ते १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्याला जन्मले, रुडकीला इंजिनिअरिंग शिकले आणि पुढे निजामाकडून ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब मिळवला. १९०५ साली ते वारले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत. त्यातली गंमत पाहा. अपुऱ्या उजेडात घेतलेली काच काळी दिसत नसे. उलट ती विरळ, पारदर्शक दिसे, आणि कागदावर छापली की चित्र काळेठिक्कर येई. अशी काच त्या काळचे कारागीर फेकून देत नसत. पाऱ्याच्या विषारी क्षारात बुडवून ती ‘दाट’ करीत. मात्र उजेडाने काचेवर काहीच लिहिले नसेल, तर पाराही तिथे काही आणू शकत नसे.

१८९० साली हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी किती उजेडाला काच किती काळी होते हे मोजून त्याची वक्ररेषा काढली. तोवर हा हाताच्या अंदाजाचा मामला होता. आज सॉफ्टवेअरमध्ये आपण जो ‘कर्व्ह’ ओढतो, तो त्या रेषेच्याच घराण्यातला.

पुढचा प्रवास भराभर झाला. १९६९ मध्ये उजेड टिपणारी सीसीडी चिप निघाली. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. २००४ साली रॉ फाईलसाठी डीएनजी हा खुला नमुना आला. २००९ पासून ‘डार्कटेबल’ नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. नावातच अंधारखोलीची आठवण आहे.

आता गुरुजींच्या फाईलकडे वळू. प्रथम कॅमेऱ्याचे प्रोफाईल निवडा. पुष्कळदा तेवढ्यानेच निम्मे काम होते. मग एक्स्पोजरची पट्टी एक घर वर घ्या. एक घर म्हणजे उजेड दुप्पट, बरं का! आभाळ फटफटीत होऊ लागले तर तिथेच थांबा आणि फक्त सावल्यांची पट्टी उचला. चौदा बिटांच्या रॉ फाईलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. म्हणून रॉमधली सावली उचलता येते आणि जेपेगमधली लवकर फाटते. पण त्या पायऱ्यांतल्या निम्म्या सर्वांत उजळ घरातच खर्च होतात, अंधाराच्या वाट्याला थोड्याच येतात. म्हणून फार उचलले तर मूर्तीच्या चेहऱ्यावर वाळू उधळल्यासारखे ठिपके दिसू लागतात. एवढे सगळे करताना मूळ फाईलला धक्का लागत नाही. बदल सॉफ्टवेअर वेगळे टिपून ठेवते. मुलांना वाटायला जेपेग काढा, रॉ मात्र दोन ठिकाणी जपून ठेवा. हेन्री कझिन्स यांच्या १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात औंढ्याचे मंदिर आहे. दगड ऊनपावसाने झिजत असतो. त्या वेळी काय होते आणि आज काय उरले, हे उद्या कुणी पडताळू लागला, तर गुरुजींनी पुसायला काढलेली फाईल त्याला लागेल.

आणि पश्चिमेच्या भिंतीवर दुपार कलल्यावर तिरपे ऊन येते. तेव्हा पुन्हा एकदा जाऊन त्याच मूर्तींचे फोटो घ्या, आणि दोन्ही शेजारी ठेवून मुलांना दाखवा.