सणांभोवती सहल : माळेगाव आणि येळवस एका फेरीत

पुण्या-मुंबईचे नातेवाईक आम्हाला दरवर्षी विचारतात, मुलांना गावाकडचं काही दाखवायचंय, कधी यायचं? आमचं उत्तर ठरलेलं आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी बघा. त्या दिवशी नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा सुरू होते आणि दुसऱ्याच दिवशी लातूर भागात वेळ अमावस्या, म्हणजे आपली येळवस. माळेगाव नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे, त्यामुळे दोन्ही एका फेरीत होतात.

तारखेत मात्र लोक फसतात. २०२४ मध्ये येळवस दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. २०२५ मध्ये १९ डिसेंबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती पुढे सरकून थेट ७ जानेवारी २०२७ ला पडते. डिसेंबरची रजा टाकून बसलात तर हाती काही लागणार नाही. हिजरी सालात अधिक महिना नसतो, म्हणून आपले रोजे, ईद आणि उर्स दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतात. सहल आखताना दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवा. महाशिवरात्रीला लातूरला सिद्धेश्वराची यात्रा भरते, पण २०२७ मध्ये ती ६ मार्चला, म्हणजे रमजानच्या अखेरच्या दिवसांत येते. त्या वर्षीची होळी ईदनंतर आहे, तेव्हा नांदेडला सचखंड हजूर साहिबचा होला मोहल्ला निवांत बघता येईल. डोकं झाकायचं, चपला बाहेर. लंगर शाकाहारी असतो. दसरा, दिवाळी आणि होला मोहल्ल्याला शहरात खोल्या मिळणं कठीण, आधीच ठरवा.

माळेगावात मुलांना जनावरांचा बाजार दाखवा. घोडे, गाढवं, लाल कंधारी बैल, देवणी जनावरं. कंधार आणि देवणी ही आपल्याच दोन जिल्ह्यांतली गावं, त्यांच्या नावाच्या जाती आहेत हे आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांना ठाऊक नसतं! जवळच कंधारचा किल्ला आणि हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. वाट थोडी वाकडी होते, पण जरूर जा.

येळवस मात्र तिकीट काढून बघायची गोष्ट नाही. ती शेतात होते, म्हणून कोणाचं तरी बोलावणं लागतं. शहरातल्यांनी दोस्ताला, जुन्या शेजाऱ्याला आठवडाभर आधी फोन करावा. आमच्या भागात मुसलमान घरांना असं बोलावणं येतं आणि ते मोडणं बरं दिसत नाही. शेतात कडब्याची खोप करून पूजा होते. तेवढा वेळ आपण बांधावर थांबावं, कोणी वाईट मानत नाही. नंतर पंगतीला बसावं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, सगळं शाकाहारी, त्यामुळे हलालचा प्रश्नच उरत नाही. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, ती बेसन लावून शिजवलेली शेंगा-भाज्यांची पातळ भाजी. रिकाम्या हाताने जाऊ नये, फळं न्यावीत.

सीमेपलीकडे बिदर, कलबुर्गीकडेही हाच सण एळ्ळ अमावास्या म्हणून होतो. तिकडे नातलग असतील तर तोही पर्याय आहे.

त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं, बहुतेक दुकानं बंद असतात. दूध, औषधं, गाडीचं पेट्रोल आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवा.