वाफेच्या इंजिनाचे मॉडेल बदलताना आधी साल का ठरवावे लागते?

वाफेच्या इंजिनाचे तयार मॉडेल विकत घेऊन त्याचा रंग, क्रमांक किंवा एखादा भाग बदलणे हा रेल्वे मॉडेलच्या छंदातला आवडता भाग आहे. पण लावलेला प्रत्येक भाग बरोबर असूनही संपूर्ण मॉडेल चुकीचे ठरू शकते. खरी इंजिने अनेक दशके धावत आणि दुरुस्तीसाठी कारखान्यात गेली की त्यांचे रूप बदलत असे. त्यामुळे मॉडेल कोणत्या इंजिनाचे, एवढे ठरवून भागत नाही. ते कोणत्या वर्षीचे, हेही ठरवावे लागते. ब्रिटनमधील ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे याचे ठळक उदाहरण आहे.

एकच इंजिन, अनेक रूपे

नायजेल ग्रेस्ली यांनी रचना केलेले हे इंजिन १९२३ मध्ये डॉनकास्टरच्या कारखान्यात तयार झाले. पुढचे मुख्य बदल असे:

- १९२३ : ए१ वर्ग, क्रमांक १४७२. इंजिनाला नाव नव्हते.
- १९२४ : नाव मिळाले आणि क्रमांक ४४७२ झाला. त्याच वर्षी ते वेम्बलीच्या प्रदर्शनात ठेवले गेले.
- १९२८ : लंडन–एडिंबरा न थांबता धावण्यासाठी आतून अरुंद वाट असलेला टेंडर (कोळसा-पाण्याचा डबा) जोडला. त्या वाटेने चालत्या गाडीत कर्मचारी बदलता येत.
- १९४३ : युद्धकाळात हिरवा रंग जाऊन काळा आला.
- १९४६ : क्रमांक आधी ५०२, मग १०३.
- १९४७ : अधिक दाबाचा बॉयलर बसवून ए३ वर्गात रूपांतर.
- १९४८ : रेल्वेचे राष्ट्रीयीकरण, वर्षअखेरीस क्रमांक ६०१०३. पुढे रंग निळा, तर १९५२ पासून गडद हिरवा.
- १९५९ : दुहेरी धुराडे.
- १९६१ : पुढच्या बाजूंना धूर वर वळवणारे पत्रे.
- १९६३ : सेवेतून निवृत्ती.

बदलांमागची कारणे

कारण कळले की कोणता भाग कोणत्या भागासोबत जातो, हे आपोआप कळते. दुहेरी धुराड्यामुळे वाफ मोकळेपणाने बाहेर पडू लागली. पण तिचा जोर कमी झाल्याने धूर उंच न जाता बॉयलरलगत रेंगाळे आणि चालकाला पुढचे दिसेना. म्हणून बाजूचे पत्रे आले. एकेरी धुराडे ठेवून हे पत्रे लावलेले ‘फ्लाइंग स्कॉट्समन’चे मॉडेल त्यामुळे त्याच्या सेवाकाळातले ठरत नाही.

सगळ्यात मोठा सापळा

निवृत्तीनंतर ॲलन पेग्लर यांनी हे इंजिन विकत घेतले. त्याला पुन्हा फिकट हिरवा रंग, ४४७२ हा क्रमांक आणि एकेरी धुराडे देण्यात आले. बॉयलर मात्र ए३ चाच राहिला. नियमित सेवेत असताना हा मेळ कधीच नव्हता, कारण ४४७२ हा क्रमांक १९४६ मध्येच गेला होता आणि ए३ चा बॉयलर १९४७ मध्ये आला. १९५४ मध्ये चालकाची जागाही उजवीकडून डावीकडे गेली होती. त्यामुळे १९६३ नंतरची रंगीत छायाचित्रे पाहून १९३० च्या दशकातले मॉडेल केले, तर ते हमखास चुकते. बॉयलरच्या पुढच्या टोकाशी, धूरपेटीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी चौकोनी झाकणे ही ए३ ची खूण आहे. १९६६ नंतरचा दुसरा टेंडर आणि १९६९ च्या अमेरिका दौऱ्यातली घंटाही त्या त्या काळापुरतीच.

मापाची मर्यादा

ब्रिटनमध्ये लोकप्रिय असलेल्या ‘ओओ’ मापात १ फुटासाठी ४ मिमी धरतात, पण रुळांमधले अंतर १६.५ मिमी असते. हिशोबाने ते १८.८३ मिमी हवे. भारतीय ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच आहे. या मापात ते २२ मिमी होते. म्हणून १६.५ मिमीच्या रुळांवरचे भारतीय इंजिन चाकांपाशी फारच अरुंद दिसते.

काम कोणत्या क्रमाने करावे?

१. आधी साल, शक्य असल्यास महिनाही ठरवावा.
२. त्याच क्रमांकाच्या इंजिनाची तारीख असलेली, दोन्ही बाजूंची छायाचित्रे मिळवावीत. एकाच वर्गातल्या दोन इंजिनांतही फरक असतात.
३. बॉयलर, धुराडे, टेंडर आणि चालकाची जागा तपासावी.
४. रंग आणि क्रमांक शेवटी. कृष्णधवल छायाचित्रावरून निळा की हिरवा हे ठरवू नये. त्यासाठी रंगकामाच्या नोंदी पाहाव्यात.