वसंत, नाशिक जिल्ह्यातील : वन्यजीव आणि ग्रामजीवन

पंचांगात चैत्र-वैशाख हे वसंताचे महिने असले, तरी नाशिकच्या शिवारात तो शिमग्याच्या आधीच येतो. माघ सरताना काटेसावर फुलते, फाल्गुनात पळस आणि पांगारा. चैत्राची पालवी फुटते तोवर गहू-हरभरा घरात आलेला असतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा हा काळ जिल्ह्यातले पशुपक्षी आणि गावाकडचे जगणे एकत्र पाहण्यासाठी सर्वांत चांगला. तरीही तो उपेक्षित आहे, कारण पक्षी पाहायचे ते डिसेंबर-जानेवारीतच असा समज पक्का बसला आहे.

इंग्लंडच्या खेड्यांतला वसंत इंग्रजी साहित्यामुळे आपल्याकडे अनेकांच्या ओळखीचा आहे. थंडी ओसरते, कुरणे हिरवी होतात, आफ्रिकेत गेलेल्या भिंगऱ्या परततात, बांधावरच्या झुडपांत घरटी दिसू लागतात. सेल्बर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट यांनी आपल्या परिसरातल्या अशा घडामोडी वर्षानुवर्षे टिपल्या आणि १७८९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. नाशिककडे गणित उलटे आहे. इथे याच दिवसांत पाहुणे पक्षी उत्तरेकडे निघून जातात, गवत वाळून पिवळे पडते, ओढे-नाले आटतात आणि झाडे मात्र फुलतात. कोरड्या ऋतूतला हा फुलोरा आणि माणसाने अडवलेले पाणी यांवर प्राण्यांचा उन्हाळा निभावतो. त्यामुळे इथला वसंत पाहायचा तर शेतकऱ्याचे वेळापत्रक माहीत असावे लागते : पाटाला आवर्तन कधी सुटणार, ऊसतोड कुठे चालू आहे, उन्हाळ कांदा कधी निघणार, मेंढ्या कोणाच्या रानात बसल्या आहेत.

जिल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीचा. इगतपुरीला पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे येवला-नांदगावच्या माळावर तो ५०० मिलिमीटरच्या आसपास उतरतो. शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत इतका फरक असल्यामुळे एकाच आठवड्यात पेठ-सुरगाण्यात मोह वेचला जात असतो, निफाडला द्राक्षे उतरत असतात आणि येवल्याच्या पूर्वेला पाण्याचे टँकर सुरू झालेले असतात.

या सगळ्यात पाण्याची मोठी जागा म्हणजे निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला, तो खालच्या भागातल्या शेतीला कालव्यांनी पाणी देण्यासाठी. नदीने आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, त्याची बेटे झाली, उथळ पाण्यात पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांना हवी तशी दलदल तयार झाली. साठवणीच्या दृष्टीने गाळ हा तोटाच. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र या जागेचे सारे मोल त्या गाळात आहे. १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य जाहीर झाले. २०१९ मध्ये या पाणथळीचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत समावेश होऊन जानेवारी २०२० मध्ये त्याची घोषणा झाली. महाराष्ट्रातले हे पहिले रामसर स्थळ. रामसरच्या नोंदीत येथील ५३६ सजीव जाती दिल्या असून, त्यांत देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा, नष्ट होण्याच्या बेतात असलेला एक छोटा मासाही आहे. ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ ही ओळख लोकांच्या तोंडी आहे, पण ती या जागेला थोडी अन्याय करणारी वाटते. उसाच्या आणि कांद्याच्या शेतांना इतकी खेटून असलेली, त्यांच्याच पाण्यावर जगणारी ही पाणथळ स्वतःच्या नावाने ओळखली जावी इतकी वेगळी आहे.

हिवाळ्यात इथे तलवार बदक, थापट्या, चक्रवाक यांचे थवे असतात. मार्च लागला की त्यांची चुळबूळ सुरू होते. संध्याकाळी थवे उठतात, पाण्यावर चकरा मारतात, पुन्हा बसतात. काही दिवसांनी पाणी अर्धे मोकळे दिसते. मोकळी झालेली जागा स्थानिक पक्षी घेतात. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यात वावरते, हळदी-कुंकू बदकाच्या जोड्या थव्यातून वेगळ्या निघतात, शेकाटे लांबलचक गुलाबी पाय टाकत उथळ पाण्यात फिरतात. पाणी पुरेसे उतरले तर रोहितही काही दिवस मुक्काम करतात. पाणी उतरणे-चढणे मात्र निसर्गाच्या हाती नाही. वरच्या गंगापूर आणि दारणा धरणांतून आवर्तन सुटले की बंधाऱ्यात पातळी वाढते, कालव्यांत पाणी गेले की उतरते. पातळी एकदम वाढली तर चिखलाच्या काठावर घातलेली अंडी पाण्याखाली जातात. सिंचनाचे वेळापत्रक आखताना या काठावरच्या घरट्यांचाही विचार झाला पाहिजे. त्यासाठी पाणी कमी-जास्त करावे लागत नाही, सोडण्याचा वेग सांभाळला तरी पुरते. पाणवेलीची वाढ आणि वरून येणारे शहराचे सांडपाणी हे इथले जुने दुखणे आहे.

पाण्यापासून दूर, बांधावर आणि माळावर, वसंताचा कारभार झाडांकडे असतो. काटेसावरीची जाड, मांसल लाल फुले तळाशी मधुरस धरून ठेवतात. सकाळी सातच्या सुमारास एखाद्या फुललेल्या सावरीखाली उभे राहिले की साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, पळसमैना एकाच वेळी वर भांडताना दिसतात; पाणी दुर्मिळ असलेल्या दिवसांत हा रस त्यांचे खाणे आणि पिणे दोन्ही असतो. खाली गळून पडलेली फुले शेळ्या-मेंढ्या वेचून खातात, म्हणून गुराखीही याच सावलीला येतो. पळसाच्या फुलाची खालची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी बाकदार असते. पक्षी रसासाठी डोके आत घालतो तेव्हा ती दबते, आतले पुंकेसर बाहेर येतात आणि कपाळ-गळा परागाने पिवळा होतो. शिंजीर मात्र कधीकधी फुलाच्या बुडाशी भोक पाडून रस काढून घेतो आणि परागाचे काम टाळतो. पळसमैनांचे मोठे थवे हे मार्चमधले खास दृश्य. मध्य आशियाकडून आलेले हे पक्षी परतण्यापूर्वी फुलांवर आणि ज्वारीवर तुटून पडतात. शेतकऱ्याला ते नको असतात, पण ते टोळ आणि नाकतोडेही तितक्याच आवडीने खातात.

गावात आणि शहरातही याच सुमारास तांबट पक्ष्याचे एकसुरी ‘टुक टुक’ दिवसभर ऐकू येते. शेवग्याच्या किंवा उंबराच्या वाळक्या फांदीला खालच्या बाजूने तो गोल भोक पाडतो, म्हणजे अवकाळी पावसाचे पाणी आत जात नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या नाशकात या पक्ष्याची ओळख कोणाला वेगळी करून द्यावी लागत नाही.

शेतातली कामे आणि प्राणी यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते डोंगळ्यांच्या रानात. लासलगाव-चांदवडच्या बाजूला कांद्याचे बी धरण्यासाठी निवडक कांदे पुन्हा लावतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कमरेइतक्या दांड्यांवर पांढरे गोल गेंद येतात, तेच डोंगळे. गेंदातल्या प्रत्येक फुलात पराग आधी तयार होतो आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे परागकण दुसऱ्या फुलावरून आणावे लागतात. हे काम मधमाश्या करतात. डोंगरकड्यांवरच्या आग्या माश्या, फुलोरी माशी आणि सातेरी या तिन्ही इथे दिसतात. जवळ जाऊन पाहिले तर एकाच गेंदावर तिघी फिरत असतात. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारले तर माश्या मरतात आणि बी पोचट राहते. म्हणून जाणते बियाणेवाले फुलोऱ्यात फवारणी टाळतात, टाळता आली नाही तर ती माश्या परतल्यावर संध्याकाळी करतात. डोंगळे काढून झाले की एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा निघतो, पात कापून चाळीत भरला जातो, आणि मोकळ्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसवल्या जातात. लेंडीखताचे मोल शेतकरी धान्याने किंवा पैशाने देतो. मेंढ्यांच्या मागे गायबगळे असतातच. या दिवसांत त्यांच्या डोक्या-मानेवर नारिंगी रंग चढलेला असतो. पिवळा धोबीही मेंढ्यांच्या पायांत घुटमळतो, पण तो लवकरच उत्तरेकडे जाणार असतो.

द्राक्षबागांचे चक्र उलटे चालते. मार्च-एप्रिलपर्यंत माल उतरला की खरड छाटणी होते आणि सगळे रान वाळत असताना बागेत तेवढी कोवळी हिरवी फूट दिसते. शिंपी, बुलबुल, होले या फुटीच्या आडोशाला येतात.

ऊसतोडीच्या अखेरच्या महिन्यांत निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांत बिबट्याची पिल्ले उसात सापडण्याचे प्रसंग वारंवार घडतात. दाट ऊस, जवळ पाणी आणि गावात कुत्री-शेळ्या यांमुळे माद्या उसातच वितात. कोयते चालत एका कोपऱ्याला पोहोचतात तेव्हा पिल्ले उघडी पडतात. अशा वेळी तोड थांबवून वनखात्याला कळवायचे, पिल्ले सापडली तिथेच संध्याकाळी ठेवायची आणि मादीला ती नेऊ द्यायची, ही पद्धत आता रुळली आहे. पिल्ले उचलून नेली तर चवताळलेली मादी आसपास फिरत राहते आणि धोका वाढतो. उसाच्या फडाला राहणाऱ्या तोडणी कामगारांची लहान मुले अशा रात्री सर्वांत जास्त धोक्यात असतात. त्यांच्या राहण्याची सोय हा वन्यजीवांच्या चर्चेतला दुर्लक्षित भाग आहे.

येवला तालुक्याच्या ईशान्येला ममदापूर-राजापूरचा माळ काळविटांचा. पिके निघाल्यावर रान मोकळे होते आणि कळप दुरून दिसतात. फेब्रुवारी-मार्च हा माजाचा एक काळ. काळा नर शिंगे पाठीला टेकवून, मान ताठ करून माद्यांभोवती फिरतो. इथला खरा प्रश्न पाण्याचा. कठडे नसलेल्या विहिरींत हरणे पडतात, पाण्याच्या शोधात गावाजवळ आली की कुत्री पाठलाग करतात, रस्ता ओलांडताना वाहनांखाली येतात. हा भाग संवर्धन राखीव क्षेत्र असून वनखाते आणि गावकरी उन्हाळ्यात पाणवठे भरतात.

पश्चिमेकडच्या डोंगरांत कोशिंबाला मार्चमध्ये लालभडक पालवी येते; दुरून ती फुलेच वाटतात. मोहाची फुले पहाटे गळतात आणि उजाडण्याआधी बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात, कारण उशीर झाला तर गुरे आणि रानडुकरे आधी येतात. फुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. वाऱ्याने तीच आग डोंगरभर पसरते. वणव्यात जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि नवी रोपे जातात. दिंडोरी तालुक्यातील बोरगड हे २००८ मध्ये जाहीर झालेले राज्यातले पहिले संवर्धन राखीव क्षेत्र. तिथे नेचर कॉन्झर्वेशन सोसायटी ऑफ नाशिक, वनखाते आणि गावकरी यांनी वणवे आणि चराई आवरून उघडा डोंगर पुन्हा झाडीखाली आणला. अंजनेरी डोंगराच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती आहे. हिवाळ्यात अंडी उबवून झाल्यावर एप्रिलच्या सुमारास पिल्ले कड्यावरून उडायला शिकतात. जनावरांना दिल्या गेलेल्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे देशभरातल्या गिधाडांची संख्या कोसळली आणि २००६ मध्ये त्या औषधाचा पशुवैद्यकीय वापर बंद करण्यात आला. हरसूलजवळच्या खोरीपाडा येथे गावकऱ्यांच्या मदतीने गिधाडांसाठी मेलेली जनावरे ठेवण्याची जागा राखली आहे.

सण आणि जत्रा याच आवर्तनात येतात. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जमिनीतले हौद, उघडतात. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगगडावर खानदेशातून पायी भाविक येतात. आदिवासी पाड्यांवर मुखवट्यांचा बोहाडा रात्रभर चालतो. बागलाण-मालेगावकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात आणि झाडांना झोके बांधले जातात. शेतकरी या दिवसांत पुढच्या पावसाची चाहूल पक्ष्यांवरून घेतो. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला, अशी समजूत आहे. तिचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला, तरी तिच्यामुळे नांगरट करताना टिटवीची चार ठिपकेदार अंडी नीट पाहिली जातात, आणि अनेक जण तेवढी जागा सोडून औत पुढे नेतात.

मार्चमधली गारपीट हे या ऋतूचे सर्वांत वाईट संकट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात झालेल्या गारपिटीने नाशिकच्या द्राक्ष, गहू आणि कांदा उत्पादकांना झोडपले. अशा रात्री वस्तीच्या झाडांवरचे बगळे, पोपट आणि चिमण्याही मोठ्या संख्येने मरतात; पिकांचे पंचनामे होतात, या पक्ष्यांची मोजदाद मात्र होत नाही.

पाहण्यासाठी : नांदूरमध्यमेश्वर नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटरवर, चापडगावकडील निरीक्षण मनोऱ्यांवरून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पाहुणे आणि स्थानिक पक्षी दोन्ही मिळतात, आणि गावातले तरुण मार्गदर्शक पाण्याची त्या दिवसाची पातळी सांगतात. ममदापूरला भल्या पहाटे जावे. उन्हे चढल्यावर कळप बाभळींच्या सावलीला बसतात. पेठ-सुरगाण्यातला मोह मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. डोंगळ्यांच्या किंवा गव्हाच्या रानात मालकाला विचारूनच पाय ठेवावा. अंजनेरीच्या कड्यांखाली ढोल, फटाके आणि ड्रोन टाळावेत : घाबरलेले पिल्लू उडता येत नसताना कड्यावरून उडी घेते.