मेटॅलिका नक्की बिघडली कधी?

मेटॅलिकाचे दोन फॅन भेटले की भांडण ठरलेलं. बँड धंदेवाईक झाला हे दोघांनाही मान्य, वाद फक्त तारखेचा!

बहुतेकांची तारीख १९९१. बॉब रॉक निर्माता म्हणून आला, गाणी आटोपशीर झाली, वेग उतरला आणि 'ब्लॅक अल्बम' एकट्या अमेरिकेत दीड कोटीच्या वर खपला. १९९६ च्या 'लोड'च्या वेळी तर केससुद्धा कापले. झालं, कट्टर लोक बिथरले.

पण जरा मागे जाऊ. १९८४ साली, दुसऱ्याच अल्बममध्ये, 'फेड टू ब्लॅक' अकूस्टिक गिटारने सुरू झालं तेव्हाही हाच आरोप झाला होता. आज तेच गाणं 'खऱ्या' मेटॅलिकाचा पुरावा म्हणून सांगतात! १९८६ मध्ये क्लिफ बर्टन स्वीडनमध्ये बस अपघातात गेला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बास १९८८ च्या 'जस्टिस'मध्ये जवळजवळ ऐकूच येत नाही. तरी तो अल्बम पूज्य. २००३ च्या 'सेंट अँगर'मध्ये गिटार सोलो नाहीत, ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा, म्हणून शिव्या. २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' जुन्या वळणावर आला, तर सीडीवर आवाज फाटेस्तोवर चढवलेला. 'गिटार हीरो' गेममधला जास्त स्वच्छ, म्हणून लोक तोच ऐकू लागले.

मला विचाराल तर प्रत्येकाची खरी मेटॅलिका म्हणजे कॉलेजात हाती लागलेली पहिली कॅसेट. पण त्याच कॅसेटवर अडकले असते तर २०२३ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, '७२ सीझन्स' काढायला हा बँड उरला असता का?